सरळ रस्ता आणि तिरकी चाके

सरळ रस्त्यावरून मोटार धावत असताना तिची पुढची दोन चाके कशी असतात, असा प्रश्न कोणासही विचारला तर "अर्थातच सरळ" हेच उत्तर मिळेल. वस्तुतः ती पूर्णपणे सरळ क्वचितच असतात. बारकाईने मापून पाहिले तर बहुतेक मोटारींची पुढची चाके वरच्या बाजूस थोडी आत अथवा बाहेर झुकलेली आढळतील. त्यांच्या पुढच्या कडांमधील अंतर मागच्या कडांमधील अंतराहून दोन-तीन मिलिमीटरने कमी असेल. आणि ज्या खुंटाभोवती चाक वळते तो खुंटही ताठ उभा नसून वरच्या टोकाशी मागे कललेला दिसेल. हे वाकडेपण कारागिराच्या हातून चुकून राहिलेले नसते. ते मुद्दाम, मोजून ठेवलेले असते. त्याच्याच आधारावर मोटार सरळ जाते.

कारखान्यात तयार झालेली मोटार विकत घेणाऱ्यास ही गोष्ट ठाऊक नसली तरी चालते. ज्याने आपली मोटार स्वतःच्या हातांनी, घरामागच्या छपरीत बांधली, त्याला मात्र ती ठाऊक असावीच लागते; कारण तिच्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये अशा हौशी बांधणाऱ्यांचा एक मोठा वर्गच निर्माण झाला. दोनशे वर्षांत गाडीवाल्यांनी व यंत्रज्ञांनी हळूहळू जमविलेले ज्ञान या सामान्य गृहस्थांनी दोरी, ओळंबा आणि मोजपट्टी यांच्या साहाय्याने पुन्हा आपलेसे केले. त्या ज्ञानाचा प्रवास कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या दुचाकी बैलगाडीला वळण्याचा प्रश्न कधी पडला नाही. बैल वळले की दांडीसकट सारी गाडी वळते. दोन्ही चाके आसावर मोकळी असल्यामुळे बाहेरचे चाक अधिक फेरे घेते, आतले कमी घेते, आणि कोणतेच घासत नाही. अडचण सुरू होते ती चार चाकांपासून. मुंबईच्या रस्त्यांवर दीर्घकाळ धावलेली व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिची पुढची चाके मागच्यांहून लहान होती हे स्मरत असेल. वळताना तिचा पुढचा सारा आस मधल्या एका खिळीवर फिरे, आणि आतले चाक गाडीच्या पोटाखाली शिरे. चाक लहान ठेवण्याचे कारण हेच. पण या रचनेत एक धोका होता. आस पुरता फिरला म्हणजे पुढच्या बाजूचा आधार मध्याकडे आक्रसतो. चौकोनी बैठक जवळजवळ तिकोनी होते, आणि वेगाने वळणारी उंच गाडी उलटण्याची भीती उत्पन्न होते.

यावर उपाय सुचलेले पहिले नाव इंग्लंडमधील वैद्य इरॅस्मस डार्विन यांचे घ्यावे लागेल. उत्क्रांतिवादाचे जनक चार्ल्स डार्विन यांचे हे आजोबा. रुग्णांच्या भेटीसाठी त्यांना खराब रस्त्यांवरून सतत घोडागाडीने हिंडावे लागे. १७५८-५९ च्या सुमारास त्यांनी अशी योजना आखली की, आस स्थिर राहावा आणि फक्त त्याच्या दोन टोकांवरची चाके आपापल्या खुंटांभोवती वळावीत. त्यांनी तिचे पेटंट घेतले नाही. पुढे १८१६-१७ च्या सुमारास म्युनिक येथील गाड्या बनविणारा गेओर्ग लँकेनस्पेर्गर याने हीच कल्पना स्वतंत्रपणे सिद्ध केली, आणि लंडनमधील त्याचा प्रतिनिधी रुडोल्फ अ‍ॅकरमन याने १८१८ साली तिचे इंग्लिश पेटंट घेतले. अ‍ॅकरमन हा मूळचा सॅक्सनीचा. गाड्यांचे आराखडे काढणे हा त्याचा आरंभीचा व्यवसाय, आणि चित्रांच्या पुस्तकांचा प्रकाशक म्हणून त्याची पुढची ख्याती. नौसेनापती नेल्सन यांच्या अंत्ययात्रेचा रथही त्यानेच आखला होता. शोध लँकेनस्पेर्गरचा, परंतु कागदावर नाव आले अ‍ॅकरमनचे, आणि आजही जगभरचे यंत्रज्ञ त्या रचनेस अ‍ॅकरमनचीच रचना म्हणतात.

या रचनेचे मर्म एका साध्या भौमितिक सत्यात आहे. वळणाऱ्या गाडीची चारही चाके एकाच मध्यबिंदूभोवतीच्या वर्तुळांवर चालली पाहिजेत; तसे न झाल्यास एखादे चाक रस्त्यावर फरफटत जाणार. आतले चाक लहान वर्तुळावर असते, बाहेरचे मोठ्या. म्हणून आतले चाक बाहेरच्याहून अधिक वळले पाहिजे. पुढचा व मागचा आस यांत सव्वादोन मीटर अंतर आणि दोन पुढच्या चाकांत सुमारे १ मीटर २० सेंटिमीटर अंतर असलेली एक लहान मोटार घेतली, आणि ती पाच मीटर त्रिज्येच्या वळणावर नेली, तर आतले चाक सुमारे २७ अंश आणि बाहेरचे सुमारे २२ अंश वळावे लागते. हा पाच अंशांचा फरक साधावयाचा कसा? १८७८ च्या सुमारास पॅरिसमधील गाड्यांचा कारखानदार शार्ल जान्तो याने त्याची सोपी आकृती दिली. चाकाच्या खुंटापासून निघणारा जो लहान हात चाकास वळवितो, तो सरळ मागे न नेता किंचित आत वळवावा; इतका, की दोन्ही हातांच्या रेषा पुढे वाढविल्यास त्या मागच्या आसाच्या मध्याजवळ मिळाव्यात. तेवढ्याने फरक आपोआप पडतो. तो अगदी गणिती नेमकेपणाने पडत नाही, परंतु व्यवहाराला पुरतो.

घोडागाडीवाल्यांनी ही युक्ती फारशी उचलली नाही. तिची खरी गरज निर्माण झाली ती घोडा गेल्यावर. फ्रान्समध्ये आमेदे बोले याने १८७३ साली बांधलेल्या वाफेच्या गाडीत दोन्ही पुढची चाके स्वतंत्र खुंटांवर वळत. परंतु ही वार्ता सर्वत्र पोहोचली नव्हती. कार्ल बेंझ याने १८८६ साली पेटंट घेतलेली प्रसिद्ध मोटार तीन चाकांची होती. दोन पुढची चाके नीट वळवावयाची कशी, याचे समाधानकारक उत्तर त्यास तेव्हा सापडले नव्हते, हेच त्याचे कारण. ते सापडल्यावर १८९३ साली त्याने त्याचे पेटंट घेतले आणि आपली पहिली चारचाकी मोटार बाजारात आणली. तिचे नावही योगायोगाने व्हिक्टोरियाच होते.

वळण्याचा प्रश्न असा सुटला; परंतु सरळ जाण्याचा प्रश्न त्याहून जुना आणि अधिक नाजूक आहे. युरोपातील जुने चाक करणारे सुतार चाकाचे आरे सपाट बसवीत नसत. ते तुंब्यापासून धावेकडे किंचित बाहेर झुकलेले, बशीसारखे असत. गाडी हेलकावली की आडवा दाब येतो, तो अशा चाकास अधिक चांगला सोसतो. मात्र बशीसारखे चाक सरळ आसावर बसविले तर जमिनीला टेकलेला आरा तिरपा होतो आणि वजन सोसताना मोडतो. म्हणून आसाची टोके थोडी खाली वाकविली जात. त्याने खालचा आरा उभा होई, पण चाकाचा माथा बाहेर झुके. मोटारीच्या परिभाषेत ज्यास कॅम्बर म्हणतात, तो हाच झुकाव. यातून नवीच अडचण उभी राही. झुकलेले चाक शंकूसारखे बाहेरच्या दिशेने वळू पाहते आणि टोकाच्या खिळीवर सारखे रेटते. तो रेटा मोडण्यासाठी सुतार आसाची टोके केसभर पुढेही वाकवीत, म्हणजे चाकांच्या पुढच्या कडा किंचित जवळ येत. पुढे मोटारवाल्यांनी यास टो-इन हे नाव दिले. एका वाकडेपणाची बाधा दुसऱ्या वाकडेपणाने घालवावयाची, ही परंपरा मोटारीहून जुनी आहे.

यावर वादही झाले. अलेक्झांडर कमिंग हा लंडनमधील ख्यातनाम घड्याळजी. शौचकूपाच्या वाकड्या नळीचे पेटंट १७७५ साली घेणारा तोच. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने गाडीच्या चाकांवर प्रयोग करून दाखविले की, रुंद धावेची, शंकूच्या आकाराची चाके सरळ ओढली असता निव्वळ लोळत नाहीत. त्यांचा काही भाग रस्त्यावर सतत घासत राहतो. त्यामुळे जनावरांचे श्रम वाढतात आणि रस्ताही उखडतो. चाकाचा थोडासा तिरपेपणा उपकारक आणि फार तिरपेपणा घातक, ही मर्यादा येथे प्रथमच मापाने दाखविली गेली.

तिसरे वाकडेपण मोटारीस सायकलीच्या जवळचे आहे. सायकलीचा पुढचा चिमटा ज्या रेषेभोवती वळतो, ती रेषा खाली वाढविली तर चाक जमिनीस जेथे टेकते त्याच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. परिणामी टेकण्याची जागा नेहमी मागे खेचली जाते आणि चाक आपोआप सरळ होऊ पाहते. रुग्णालयातील ढकलगाडीची लहान चाकेही याच कारणाने ढकलणाऱ्याच्या मागे मागे मुकाट येतात. मोटारीच्या खुंटाचा माथा काही अंश मागे कलविला की हाच गुण तिच्यात येतो. त्यास कॅस्टर म्हणतात. वळण संपल्यावर चक्र हातातून आपसूक मध्यावर परत येते, ते मुख्यतः या कलामुळे. तो कल नसेल तर चालकास प्रत्येक क्षणी मोटार हाताने सरळ धरावी लागेल. उलट्या दिशेस असेल तर ती हातातून निसटू पाहील.

वेग कमी होता तोवर या साऱ्या बाबतींत थोडेफार अंदाजाने चालून गेले. १९२० नंतरच्या दशकात मऊ, कमी हवेचे फुगीर टायर आले, पुढच्या चाकांनाही ब्रेक बसले, आणि मोटारी ताशी ऐंशी-शंभर किलोमीटरने धावू लागल्या. तेव्हा एक भयंकर व्याधी उघड झाली. एखाद्या खड्ड्याचे निमित्त होऊन पुढची दोन्ही चाके अकस्मात डावी-उजवी थरथरू लागत, आणि चक्र हातातून हिसकावले जाई. अखंड आसावर एक चाक उचलले गेले की आस कलतो; फिरत्या चाकाला असे कलविले की ते भोवऱ्याप्रमाणे आडवे वळू पाहते, आणि ही हालचाल स्वतःस पोसत वाढत जाते. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेले मॉरिस ऑली १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅककडे गेले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि १९३४ साली जनरल मोटर्सच्या मोटारींत पुढची चाके परस्परांपासून स्वतंत्र, आपापल्या दोन भुजांवर वरखाली होऊ लागली. थरथर थांबली. परंतु प्रत्येक चाक स्वतंत्र झाले, म्हणजे प्रत्येकाचा झुकाव, कल आणि दिशा स्वतंत्रपणे जुळविण्याची जबाबदारीही आली. अखंड आसात जे लोहार एकदाच ठरवून टाकी, ते आता अनेक सांध्यांत विभागले गेले.

ही जबाबदारी घरगुती छपरीत जाऊन पोहोचली, तिचे निमित्त मात्र यंत्रशास्त्राचे नव्हते, करआकारणीचे होते. ब्रिटनमध्ये १९४० साली विक्रीवर एक खास खरेदीकर बसविण्यात आला. युद्धानंतर तयार मोटारीवर त्याचा बोजा मोठा होता. परंतु सुटे भाग घेऊन ग्राहकाने स्वतः मोटार जुळविली, तर तो द्यावा लागत नसे. मध्यमवर्गीय तरुणाला नवी खेळाची मोटार परवडण्याचा हा एकमेव मार्ग होता. जुन्या ऑस्टिन सेव्हन व फोर्ड मोटारी उकलून त्यांच्या भागांतून शर्यतीची मोटार बांधणारे हौशी लोक आधीपासून होतेच. त्यांपैकीच एक कॉलिन चॅपमन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकी शिकत असतानाच त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली मोटार उभी केली. भावी पत्नीच्या आईवडिलांच्या घरामागची गॅरेज हे तिचे जन्मस्थान. १९५२ साली त्याने लोटस कंपनी स्थापिली, ती लंडनच्या हॉर्न्सी भागात, वडिलांच्या हॉटेलामागच्या जुन्या घोड्यांच्या तबेल्यात.

कंपनीची सहाव्या क्रमांकाची मोटार हौशींना सुट्या भागांच्या रूपाने विकली गेली. तिचा पुढचा आस फोर्डचा, मधोमध कापून दोन तुकड्यांत बसविलेला. काम स्वस्तात झाले. पण चाक वर गेले की त्याचा झुकावही मोठ्या प्रमाणात बदले. १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हनमध्ये ही उणीव दूर झाली. पुढच्या प्रत्येक चाकास खाली व वर अशा दोन भुजा आल्या, आणि मोटारीस कलण्यापासून रोखणारी आडवी सळईच वरच्या भुजेचा अर्धा भाग म्हणून वापरण्यात आली. एका सळईकडून दोन कामे करवून घेण्यात चॅपमनचा सारा स्वभाव दिसतो. ही मोटार साडेचारशे किलोच्या आसपास वजनाची. तिला दारे नाहीत, सुखसोई जवळजवळ नाहीत. १९६० च्या दुसऱ्या आवृत्तीत चाके धरणारे उभे भाग ट्रायंफ हेरल्डचे होते. भारतातील वाचकांस हे नाव अपरिचित नाही. मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड हिचाच भारतीय अवतार. अगदी चिंचोळ्या जागेत वळणारी मोटार म्हणून ती आपल्याकडे अनेकांच्या स्मरणात राहिली.

सुटे भाग पेट्यांतून येत. करमाफीच्या अटींमुळे कंपनीस जुळणीच्या सूचना देता येत नसत. तेव्हा मोटार उकलावी कशी याच्या सूचना दिल्या जात आणि ग्राहकाने त्या उलट क्रमाने वाचाव्यात, अशी एक गमतीची हकीगत सांगितली जाते. जुळणी संपली, इंजिन सुरू झाले, तरी एक काम उरे, आणि नेमके तेच सर्वांत धीराचे असे. ते म्हणजे पुढच्या चाकांची दिशा लावणे. गॅरेजच्या भाषेत व्हील अलाइनमेंट.

या कामाची पहिली पायरी म्हणजे जमीन. बहुतेक छपऱ्यांची फरशी पाणी वाहून जावे म्हणून उतरती असते. गवंडी ज्याप्रमाणे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दोन भिंतींची पातळी ताडतो, त्याप्रमाणे चारही चाकांखालच्या जागांची पातळी ताडून, कमी पडेल तेथे पातळ फळी सारावी लागते. मग सर्व टायरांत ठरलेली हवा. मग चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाइतका भार; कारण साडेचारशे किलोच्या मोटारीत सत्तर किलोचा मनुष्य बसला की ती ठळकपणे खाली बसते आणि प्रत्येक कोन बदलतो. पुढच्या चाकांखाली ग्रीस लावलेले दोन पत्रे एकावर एक ठेवले, तर चाक आडवे सरकण्यास मोकळे राहते आणि माप खरे येते.

क्रमही ठरलेला आहे. आधी मोटारीची जमिनीपासूनची उंची, मग खुंटाचा कल, मग चाकाचा झुकाव, आणि सर्वांत शेवटी चाकांची दिशा. पहिल्या तिहींपैकी एकासही हात लावला की शेवटची बिघडते. उलट मात्र सहसा होत नाही. झुकाव ओळंब्याने कळतो. टायरला न टेकता ओळंबा सोडून चाकाच्या लोखंडी कड्याची वरची व खालची कड यांची अंतरे मोजली की झाले. तेरा इंची कड्यावर एका अंशाला सुमारे पावणेसहा मिलिमीटर फरक पडतो. वळणावर मोटार बाहेर कलते व बाहेरचे चाकही तिच्याबरोबर कलू पाहते. म्हणून खेळाच्या मोटारीत माथा थोडा आत ठेवतात; जुन्या गाडीवाल्यांच्या नेमका उलट. खुंटाचा कल प्रत्यक्ष मोजता येत नाही. तो युक्तीने काढतात. चाक एकदा २० अंश बाहेर व एकदा २० अंश आत वळवून दोन्ही वेळचा झुकाव घ्यावयाचा. त्यांतील फरकाची जवळजवळ दीडपट म्हणजे तो कल.

यानंतर दोरी. मोटारीच्या दोन्ही बाजूंस, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, एकेक ताणलेली दोरी बांधतात. पुढच्या दोन चाकांतील अंतर व मागच्या दोन चाकांतील अंतर सहसा सारखे नसते. म्हणून दोरी चाकांना टेकवून चालत नाही. पुढच्या दोन तुंब्यांपासून ती सारखी दूर हवी, आणि मागच्या दोन तुंब्यांपासूनही आपसांत सारखी दूर हवी. तेव्हाच दोन्ही दोऱ्या मोटारीच्या मध्यरेषेस समांतर होतात. मग दोरीपासून कड्याची पुढची कड किती दूर व मागची कड किती दूर, हे मोजावयाचे. पुढची अधिक दूर असेल तर चाक आत वळलेले आहे. कडेच स्वतः थोडे वाकडे असण्याचा संभव असतो. म्हणून चाकावर खडूची खूण करून, अर्धा फेरा पुढे नेऊन पुन्हा मोजतात आणि दोन मापांची सरासरी घेतात. दोन्ही बाजूंचे आडवे दांडे आट्यांवर फिरवून माप जुळवावयाचे, पण जितके एक बाजूस तितकेच दुसऱ्या बाजूस. नाहीतर मोटार सरळ जाते आणि चक्र मात्र वाकडे राहते. प्रत्येक फेरफारानंतर मोटार दोन हात पुढे-मागे ढकलून सांधे बसू द्यावयाचे आणि पुन्हा मोजावयाचे.

दोन-तीन मिलिमीटरांसाठी एवढा खटाटोप का? मागच्या चाकांनी ढकलली जाणारी मोटार धावू लागली की रस्त्याचा विरोध पुढच्या चाकांस मागे रेटतो. सांध्यांतील सूक्ष्म ढिलाई संपते आणि चाकांच्या पुढच्या कडा थोड्या फाकतात. उभ्या मोटारीत त्या थोड्या मिटलेल्या ठेवल्या, तर धावताना चाके समांतर येतात. परंतु मर्यादा ओलांडली की भुर्दंड मोठा. तेरा इंची कड्यावर चुकीचे तीन मिलिमीटर राहून गेले, तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे सुमारे साडेचार मीटर आडवे घासत जाते; दहा मिलिमीटर राहिले, तर सुमारे पंधरा मीटर. नवे टायर अल्पावधीत एका कडेने झिजतात आणि मोटार ओल्या रस्त्यावर अविश्वासू होते. कमिंगने चाकांच्या धावांविषयी जे दाखविले, त्याचीच ही दीडशे-दोनशे वर्षांनंतरची प्रचीती होय.

याहून गंभीर एक दोष उभ्या मोटारीवर दिसतच नाही. चाक खड्ड्यात वर-खाली होते तेव्हा ते भुजांच्या कंसावर चालते, आणि त्यास वळविणारा आडवा दांडा स्वतःच्या कंसावर. हे दोन कंस जुळले नाहीत, तर चक्र स्थिर असूनही चाक उसळताना आपोआप वळते. वळणावर, वेगात, एका खड्ड्याने मोटार बाहेर फेकली जाण्यास एवढे कारण पुरते. म्हणून जाणता बांधणारा स्प्रिंग काढून चाक हाताने पूर्ण वर-खाली करतो, प्रत्येक बोटभर अंतरावर त्याची दिशा मोजतो, आणि चक्राची दंतपट्टी पातळ चकत्या घालून वा काढून योग्य उंचीवर आणतो. शेवटी दांड्यांवरील अडकण नट घट्ट करावयाचा आणि पुन्हा एकदा पाहावयाचा. तो ढिला राहिला तर साऱ्या मोजमापांचे मोल शून्य.

१ एप्रिल १९७३ रोजी ब्रिटनमध्ये खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि सुट्या भागांची करमाफी संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क कॅटरहॅम येथील विक्रेत्यास दिले. करातील सवलत गेली. पण हौस टिकली, हे विशेष. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचे, अवघ्या अडीचशे पौंडांत खेळाची मोटार घरी बांधावी कशी, हे सांगणारे पुस्तक निघाले. जुन्या फोर्ड मोटारींचे भाग वापरून सेव्हनच्या धर्तीच्या मोटारी छपऱ्या-छपऱ्यांतून उभ्या राहिल्या. घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणण्यापूर्वी तिची स्वतंत्र तपासणी करण्याची पद्धत १९९८ मध्ये सुरू झाली, आणि २००९ मध्ये तिची जागा अधिक कडक तपासणीने घेतली. तीत मोटार चालवून, वळणानंतर चक्र आपोआप मध्याकडे परत येते की नाही, हे पाहिले जाते. हलक्या मोटारीत पुढच्या चाकांवर भार थोडा असल्यामुळे परत येण्याचे बळही थोडे असते. शंभर वर्षांपूर्वीचा खुंटाचा कल असा थेट कायद्याच्या परीक्षेत आला.

भारतात घरी बांधलेल्या मोटारींची अशी परंपरा रुजली नाही. परंतु इंदूरनजीकच्या पीथमपूर येथे २००७ साली अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांची जी बाहा स्पर्धा सुरू झाली, तिने त्याच कामाची गोडी अनेकांस लावली. महाविद्यालयाच्या कार्यशाळेत एकाच बैठकीची, खडतर वाटांची गाडी विद्यार्थी स्वतः आखतात, स्वतः बांधतात, आणि खाचखळग्यांतून चालवितात. कागदावर कोनमापकाने काढलेला कॅस्टर आणि जोडकाम झाल्यावर प्रत्यक्ष आलेला कॅस्टर यांतील अंतर तेथे त्यांना दोरी-ओळंब्याशीच बसून शोधावे लागते. आज शहरातील गॅरेजमध्ये चाकांना आरसे लावून प्रकाशाच्या साहाय्याने क्षणात हे कोन सांगणारी यंत्रे आहेत. यंत्र आकडा सांगते. तो आकडा तसा का असावा, हे ज्याने एकदा जमिनीवर गुडघे टेकून स्वतः मोजले त्यालाच कळते.

इरॅस्मस डार्विन यांच्या घोडागाडीपासून आजच्या विद्यार्थ्याच्या गाडीपर्यंत प्रश्न एकच राहिला आहे: चालकाचे मन ज्या दिशेस आहे, त्या दिशेस चाकांनी बिनतक्रार जावे. मोटारीत बसणाऱ्यास हे काम कधी दिसत नाही, आणि ते दिसत नाही हीच ते नीट झाल्याची खूण होय. मोठ्या रस्त्यावर चक्रावरचा हात क्षणभर सैल सुटतो आणि मोटार तरीही आपली वाट सोडत नाही, तेव्हा त्यामागे कोणीतरी, कोठेतरी, दोन-तीन मिलिमीटरांसाठी घालवलेला एखादा संपूर्ण दिवस असतो.